पाहुण्याचं ताट

मी "वाका" म्हणेपर्यंत पाहुण्याचं कपाळ आमच्या दाराच्या चौकटीवर आपटलं होतं.

आवाज ऐकून आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. उंबऱ्यात एक सावळा, ताडमाड उंच तरुण एका हातानं कपाळ चोळत हसत उभा होता. दुसऱ्या हातानं त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं.

"देव घेऊन हिंडतो का रे हा?" आईनं दादाला विचारलं.

"थाळी आहे ती त्याची. फेकायची. लाकडाची, लोखंडी कडेची. माझ्या थाळीसारखीच."

"मग देवच की," आई म्हणाली. तिनं मला आत पिटाळलं, भाकरीचा तुकडा आणि पाणी मागवलं, पाहुण्यावरून ओवाळून टाकलं आणि त्याच्या त्या लांबलचक पायांवर पाणी घातलं. त्याला यातलं काहीही कळत नव्हतं, पण तो खाली मान घालून अगदी शहाण्यासारखा उभा राहिला.

त्याचं नाव सोमपाल. सिलोनच्या संघाबरोबर आला होता. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. सांगलीच्या आमच्या जिमखान्यानं मोठ्या हौसेनं परदेशी संघ बोलावला होता, मुंबईहून निवड समितीचे एक साहेबही यायचे होते. सगळी तयारी झाल्यावर लक्षात आलं की एवढ्या माणसांना उतरवायला जागाच नाही. मग जिमखान्याच्या लोकांनी खेळाडू घराघरांत वाटून दिले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कचेरीत कारकून आणि जिमखान्याचे चिटणीस. बैठकीत कोणी तरी म्हणालं, थाळीफेक्या थाळीफेक्याच्या घरी जाऊ दे, दोघं बोलत बसतील. म्हणून सोमपाल आरवाड्यांच्या घरी, म्हणजे आमच्याकडे आला. सामना दुसऱ्या दिवशी होता.

माझा भाऊ भालचंद्र, आमचा दादा, तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला. रोज पहाटे कृष्णेच्या वाळवंटात तो एकटा थाळी फेकायचा, चालत जाऊन ती उचलून आणायचा आणि परत फेकायचा. लाकूड उलू नये म्हणून थाळीला खोबरेल लावायचा. आई म्हणायची, "एवढं तेल डोक्याला लावलं असतंस तर डोकं चाललं असतं." पण त्याच्या थाळीला कोणी पाय लावलेला तिला खपायचा नाही.

त्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की रंगूनला जो संघ जायचा आहे त्यात थाळीफेकीची एकच जागा आहे. भालचंद्रनं सिलोनच्या पोराला मागं टाकलं तरच त्याचा विचार होईल. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सोमपालला माहीत नसावं.

चहा झाल्यावर दोघं नदीवर निघाले. आईनं मला पाठवलं, "पाहुण्याला काय हवं-नको बघ." मी आठवीत होते आणि मला इंग्रजीतली दोन वाक्यं यायची, दोन्ही माझ्याच नावाबद्दलची.

वाळवंटात दादानं आधी फेकली. त्याची फेक मला पाठ होती. थोडा झुलायचा, अर्धी गिरकी घ्यायचा आणि खांद्याच्या जोरावर थाळी सोडायचा. ती जिथं पडायची तिथं पोरं खुणेचा दगड ठेवायची. मग सोमपालनं सदरा काढला, वाळूत टाचेनं गोल आखला आणि खुणेच्या दगडाकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, हा उलटा कुठं फेकणार. पण तो गर्रकन फिरला, भोवऱ्यासारखा, आणि थाळी हातातून सुटली तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. ती घार उडावी तशी आडवी, शांत गेली. दादाच्या दगडाच्या पलीकडे गेली, आणि पलीकडेच जात राहिली.

थाळी आणायला मीच धावले.

मग मात्र गंमत झाली. सोमपालनं दादाला गोलात उभं केलं, स्वतः वाळूत उकिडवा बसला आणि दादाचा डावा पाय घोट्याला धरून कुठं टेकायचा ते दाखवायला लागला. पुन्हा पुन्हा. दादा चुकला की सोमपाल हसायचा, डोक्यावर हात मारून घ्यायचा. उन्हं उतरेपर्यंत शिकवत होता. शेवटी दादाचा पाय बरोबर पडला आणि थाळी दगडावरून गेली, तेव्हा दादाआधी सोमपालच ओरडला.

घरी येताना मी दादाला म्हटलं, "किती चांगला आहे ना?"

"हं," तो म्हणाला. "उद्या वारा नसला तर मला हरवणार तो."

घरी पुरणावरणाचा स्वयंपाक होता. पोळ्या मी लाटत होते, आई भाजत होती. अण्णा मैदानावर मांडव घालून घ्यायला गेले होते, ते उशिरा येणार होते. दोन पाट मांडले, रांगोळी काढली, उदबत्ती लावली. दादा आत येऊन म्हणाला, "मला दहीभात दे फक्त."

"सणासारखा स्वयंपाक केलाय आणि दहीभात?"

"नको म्हटलं ना. तू पाहुण्याचं बघ."

सोमपाल मांडी घालून बसला, गुडघे कानाशी आले. पहिल्या पोळीवर आईनं तुपाची धार धरली ती पोळी बुडेपर्यंत. त्यानं घास घेतला, डोळे मोठे केले आणि छातीवर हात ठेवून आईकडे बघून मान हलवली. आई एवढी खूश झाली की दुसरी पोळी तिनं त्याला न विचारताच वाढली. ती संपली. तिसरीच्या वेळी त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि दादाला इंग्रजीत काही तरी सांगितलं.

"पुरे म्हणतोय का रे?" आईनं विचारलं.

दादा दहीभात कालवत होता. त्यानं मान वर केली नाही. "संकोच करतोय. वाढ तू."

"खरंच पुरे असेल तर राहू दे हं."

"नाही गं. त्यांच्याकडं तशी रीतच आहे, आधी नाही म्हणायची. वाढ."

"आपल्याकडं तरी कुठं वेगळी आहे," आई हसून म्हणाली. "घे रे बाबा सोमा. उद्या एवढं जड लाकूड फेकायचंय, अंगात काही नको का?"

मग दादा त्याला इंग्रजीत काही तरी म्हणाला. पाहुण्यानं आईकडे पाहिलं. ती पोळी हातात घेऊन ओणवी उभी होती, घामानं कुंकू ओघळलेलं. त्यानं हळूच ताटावरचे हात काढले.

पाहुण्याचे घास मोजू नयेत, अशी आम्हांला शिकवण होती, म्हणून मी मोजलं नाही. एवढंच आठवतं, की परातीतली चळत बघता बघता खाली गेली आणि मला नव्यानं कणीक मळावी लागली. ताट रिकामं झालं की आई वाढायची, वाढलं की तो संपवायचा. कटाची आमटी, भजी, वर दुधाची वाटी. शेवटी शेवटी तो घास चावताना डोळे मिटून घ्यायचा. आई मला आत येऊन म्हणाली, "हिरे, असं जेवणारं माणूस मी तुझ्या आजोबांनंतर बघितलं नाही." इतक्या आनंदात मी तिला फार कमी वेळा पाहिलं होतं.

दादा केव्हाच हात धुऊन झोपायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी परेडच्या मैदानावर सांगलीतलं कोणी यायचं राहिलं नव्हतं. बायकांसाठी एका बाजूला सतरंज्या होत्या. तिथं आई, मी आणि शेजारच्या गोदाक्का बसलो होतो. चुन्यानं आखलेला गोल अगदी समोर होता.

सोमपालचं नाव पुकारलं. तो गोलात गेला, पाठ करून उभा राहिला. मी गोदाक्कांना म्हटलं, आता बघा कसा भोवरा फिरतो. तो फिरला, पण मध्येच त्याचा पाय जड झाल्यासारखा रेंगाळला आणि थाळी भलतीकडंच जाऊन गोलाभोवतीच्या जाळीवर आदळली. लोक हसले. तो बाजूला जाऊन लिंबाच्या झाडाखाली पोटाशी गुडघे घेऊन बसला. थोड्या वेळानं मांडवामागं गेला आणि तोंड पुसत परत आला.

"ऊन लागलं असेल पोराला," आई म्हणाली. "सवय नाही. हिरे, जा, लिंबूपाणी मिळतंय का बघ."

मी लिंबूपाणी नेऊन दिलं. त्यानं पेला घेतला, मला ओळखून हसला, आणि पेला तसाच शेजारी ठेवला. त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता.

त्याच्या पुढच्या फेकी वाळवंटातल्या दादाच्या जुन्या दगडापर्यंतसुद्धा पोचल्या नसत्या.

दादाची पाळी आली. गोलात उभा राहून त्यानं एकदा डाव्या पायाकडे पाहिलं. मग फिरला. पाय जिथं पडायला हवा तिथंच पडला, जसा आदल्या संध्याकाळी घोट्याला धरून कोणी टेकवला होता तसाच. थाळी शांत, आडवी गेली. पंचांनी पांढरा बावटा वर केला आणि मैदान उठून उभं राहिलं. मी झाडाकडे पाहिलं. बसल्या जागेवरून सोमपाल टाळ्या वाजवत होता, आणि डावा पाय जमिनीवर आपटून दादाला दाखवत होता, असाच, असाच.

मुंबईच्या साहेबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. रंगूनचं ठरलं.

घरी परतताना गोदाक्का रस्ताभर बोलत होत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही नसायचं. "वहिनी, कप खरं म्हणजे तुम्हांलाच द्यायला हवा होता. पोरानं एक थाळी फेकली, पण सिलोन पाडलं ते तुमच्या पुरणाच्या थाळीनं."

आई हसली. पाच-सहा पावलं चालली आणि थांबली. "म्हणजे काय हो?"

"अहो, थट्टा. एवढं तुपातलं खाऊन कोण गिरक्या घेईल? आमचे हे सत्यनारायणाचं जेवले तरी दोन दिवस पान खायला उठत नाहीत."



संध्याकाळच्या गाडीनं पाहुणे जायचे होते. सोमपाल ट्रंक न्यायला आला. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, दादा भिंतीला टेकून उभा होता, कप कोनाड्यात ठेवला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि अण्णांना म्हणाली, "त्याला विचारा, माझ्या जेवणानं त्याला त्रास झाला का."

अण्णांनी विचारलं. सोमपाल मोकळं हसला, पोटावर हात फिरवला आणि बराच वेळ बोलला. अण्णांना लोकांचं बोलणं समजावून सांगायची हौस होती. ते एकेक वाक्य ऐकून मराठीत सांगत होते.

"म्हणतोय, त्रास थोडा झाला, पण त्याचं काही नाही. जेवण फार सुंदर होतं. म्हणतोय, मी सामन्याच्या आदल्या दिवशी हलकं खातो, तसं मी तुमच्या मुलाला सांगितलंही होतं."

आईनं दाराची चौकट धरली.

"पण तुमच्या मुलानं सांगितलं," अण्णा कौतुकानं पुढे म्हणाले, "की या घरात पाहुणा पुरे म्हणाला तर आई ते मनाला लावून घेते. ती स्वतः मग... उपाशी..."

अण्णा थांबले. सोमपालचं बोलणं संपलं नव्हतं. तो आईकडे बघून आणखी काही म्हणाला, आणि हात छातीवर ठेवला. ते अण्णांनी सांगितलं नाही.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"सांगा."

"म्हणाला, माझी आईही अशीच आहे. तुम्ही उपाशी राहण्यापेक्षा एक सामना गेला तरी चालेल."

बाहेर टांग्याचा घोडा मान झटकत होता, त्याचे घुंगरू ऐकू येत होते. सोमपाल आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता, तोंडावर तेच हसू.

आईनं दादाकडे पाहिलं. "कोणी जेवलं नाही म्हणून मी कधी उपाशी राहिले होते रे?"

दादा कोनाड्यातल्या कपाकडे बघू लागला.

"तू दहीभात खाल्लास," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती जणू स्वतःलाच आठवण करून देत होती. "पुरण केलं तर तू दहीभात मागितलास."

"आई, त्यात नियमाबाहेरचं काय आहे? मी काही त्याची थाळी लपवली नाही. फेकलं ते माझ्या हातानं फेकलं."

"हो. आणि त्याला वाढलं ते माझ्या हातानं."

मग ती अण्णांकडे वळली. "सांगा जिमखान्याला. त्या साहेबांना सांगा."

"काय सांगू?" अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या घरी पाहुण्याला पोळ्या वाढल्या म्हणून? हसतील मला."

"मग यालाच सांगा."

अण्णांनी सोमपालकडे पाहिलं. तो उठला होता, ट्रंकेला हात घातला होता. "तो पोरगा खुशीत चाललाय," अण्णा म्हणाले. "त्याला सांगून आपण मोकळे होऊ. त्यानं काय करायचं ते घेऊन?" ते बरोबर बोलत होते की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मला एवढंच दिसलं, की ते त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

आई आत गेली. वाटेतल्या शिदोरीसाठी तिनं सकाळी पोळ्या बांधून ठेवल्या होत्या. त्या तिनं सोडून बाजूला ठेवल्या. एका ताटात दहीभात, केळी, चार दशम्या आणि गूळ असं वेगवेगळं ठेवून ताट बाहेर आणलं, त्याच्यासमोर धरलं आणि हातानं विचारलं, कोणतं हवं. तो गोंधळला. मग त्यानं केळी उचलली. आई म्हणाली, "बरं." एवढंच. ताट घेऊन मागं सरली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणाला इतक्यावर सोडताना पाहिलं.

टांग्यापाशी तिनं मला कोपरानं ढोसलं. "हिरे, माफ करा, याला त्यांच्यात काय म्हणतात?"

"सॉरी."

तिनं तो शब्द दोनदा पुटपुटला आणि पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि म्हणाली, "सॉरी."

सोमपाल क्षणभर बघत राहिला. मग त्याला उमगलं असं त्याला वाटलं. त्यानं कपाळावरचं टेंगूळ चाचपलं, आमच्या दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं आणि खळखळून हसला. मान हलवून सांगत राहिला, काही नाही, काही नाही. टांगा वळेपर्यंत तो कपाळाला हात लावून हसत होता.

आई तशीच हात जोडून उभी होती.

दादा महिन्याभरानं रंगूनला गेला. निघताना तो देवाला नमस्कार करून आला आणि हात पुढे करून आईसमोर उभा राहिला. गावाला जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, ते नेहमी तीच घालायची. तिनं दह्याची वाटी त्याच्यासमोर पाटावर ठेवली. "घे," म्हणाली. हात पुढे करून तो बराच वेळ थांबला. अण्णा खाकरले. शेवटी त्यानं आपल्याच बोटांनी दही घेतलं आणि चाटलं. रंगूनला त्याला बक्षीस मिळालं नाही. कितवा आला ते त्यानं सांगितलं नाही आणि घरात कोणी विचारलंही नाही.

सोमपाल गेला त्या दिवसापासून आमच्याकडे आग्रह बंद झाला. आई भांडी पंगतीच्या मध्ये ठेवायची आणि म्हणायची, ज्याला जे हवं ते घ्या. तेव्हा असं कोणी करत नसे. जावई रुसले, विहिणींनी नावं ठेवली, आरवाड्यांकडे वाढत नाहीत, नुसतं मांडून ठेवतात, असं गावात झालं. माझ्या लग्नात तर वरपक्ष यावरून उठून जायला निघाला होता. आईनं सगळं ऐकून घेतलं. कारण मात्र कोणाला सांगितलं नाही.

दादा मोठा झाला. मुंबईला नोकरी, घर, खेळाच्या संस्थांमध्ये मान. तो कप त्याच्या दिवाणखान्यात होता, मी पाहिला आहे. दर दिवाळीला सांगलीला यायचा आणि मध्ये ठेवलेल्या भांड्यांतून आपलं आपण घेऊन जेवायचा.

आई फार म्हातारी झाली तेव्हा तिला विस्मरण जडलं. अण्णा गेलेत हे विसरली, माझं नाव विसरली, आपण कुठं राहतो तेही. आणि एका दिवाळीत, आम्ही सगळे पंगतीला बसलो असताना, ती भिंत धरत धरत आली आणि पोळ्यांची परात उचलून वाढायला लागली. नातवंडांना, सुनेला, माझ्या नवऱ्याला. "घ्या हो, एवढीशी तर आहे. माझ्यासाठी घ्या." कोणी नको म्हटलं तर हात बाजूला सारून वाढत होती. इतक्या वर्षांनी तिचे हात मोकळे झाले होते. सगळं विसरली तेव्हा कुठं.

पंगतीच्या टोकाला दादा होता. साठी ओलांडलेला, चष्मा लावलेला. तो आधीच सरसावून बसला होता. त्यानं ताट थोडं पुढे सरकवलं होतं, ते मी पाहिलं.

आई त्याच्यापुढे आली, वाकली, आणि थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आई, दादा आहे," मी म्हटलं.

"कोण?" ती म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं. पण हातातली पोळी तिनं परातीत परत ठेवली. परात हळूच त्याच्यासमोर खाली ठेवली आणि परक्या माणसाशी बोलावं तसं आदरानं म्हणाली, "तुम्ही आपलं घ्या."

आणि भिंत धरत धरत आत गेली.

दादानं एक पोळी घेतली. मग त्यानं ताटावर हात आडवा धरला आणि तसाच बसून राहिला. त्याला कोणीही आग्रह करत नव्हतं.